पहिला दिवा

ती. आईस, इथूनच वाकून नमस्कार.

मी ठीक आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला थांबला का?

माझी पांढरी पूड अखेर जमली. दिव्याच्या पातळ थरांतून इलेक्ट्रॉन न अडखळता पुढे न्यायचे, एवढंच तिचं काम. ती घातली की निळा दिवा कमी विजेत जास्त उजळतो. बंद काचपेटीला बसवलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून घालून माझी कातडी सोलवटली, पण भरतेय आता.

आमच्या प्रयोगशाळेत रीत आहे, ज्याची पूड त्यानंच पहिला दिवा लावायचा. काल बघायला पाहुणे आले. सरांचे हात त्या हातमोज्यांत कधी गेले नाहीत, पण बोट निळ्या दिव्याच्या बटणावर बरोबर गेलं. मला म्हणाले, "तू जरा खोलीतले दिवे घालव, म्हणजे आपला नीट दिसेल."

घालवले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

लेक पहिला दिवा लावणार, असं तू शेजारी सांगून बसली असशील. असू दे, लावला म्हण. फक्त फोटो मागू नकोस. त्यात दिवा छान आलाय. मी दाराशी आहे, अंधारात, बटणावर हात ठेवून.

तब्येतीला जप.

तुझी,
धाकटी