डाव्या स्पीकरपाशी उभी राहणारी

मी, खाली सही करणारी, धंद्याने दातांच्या कवळ्या बनवणारी, लग्न न झालेली, वय वर्षे अडुसष्ट, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे हे स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे; तसा दाखला डॉक्टरांनी आज सकाळी तपासून दिला असून तो सोबत जोडला आहे. डाव्या कानाने मला ऐकू येत नाही. तो कान मी आयुष्यभर स्पीकरला लावून राजीखुशीने खर्च केला आहे, त्याचा संबंध कोणी अकलेशी जोडू नये. कोणी मला भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. रागात मात्र आहे. रागात केलेले मृत्युपत्र तेवढ्या कारणाने बाद होत नाही, हे वकीलबाईंना आधीच विचारून घेतले आहे. याची अंमलबजावणीही त्यांनीच करावी.

याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे भाचीच्या नावे होते. ते फाडले आहे. नुसते फाडून भागत नाही असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून लिहिते: ते रद्द.

कलम पहिले. कारखान्यातली हत्यारे, म्हणजे मेण कोरायच्या सुऱ्या, साचे, भट्टी आणि घासायचे यंत्र, माझ्या हाताखाली काम शिकलेल्या बाईला द्यावीत. बँकेतली शिल्लकही तिलाच. ती संगीतातले काही जाणत नाही आणि जाणते असे सोंगही आणत नाही. तिच्याशी माझे कधी वाजले नाही.

कलम दुसरे. माझ्या रेकॉर्डी, कॅसेटी, भिंतीवरची हाताने रंगवलेली पोस्टरे आणि कपाटातले टीशर्ट ट्रम्पेटवाल्याला द्यावेत. तो कोण, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल.

बावीस वर्षांची असताना माल उतरवायच्या एका जुन्या शेडमध्ये मी पहिल्यांदा बँड ऐकला. वाजवणारे कोणी नामांकित नव्हते. दिवसा बस चालवणारे, गणित शिकवणारे, नळ दुरुस्त करणारे लोक संध्याकाळी गिटार गळ्यात अडकवून उभे राहत. गर्दीत धक्के खात मी डाव्या स्पीकरपाशी जाऊन पोहोचले आणि पुढे सगळा जन्म तिथेच उभी राहिले. रॉक असो, रेगे असो, माझी जागा ठरलेली. पण जीव जडला तो स्कावर, रेगेच्या त्या उड्या मारणाऱ्या थोरल्या भावावर. चालता चालता ठेच लागावी आणि त्या ठेचेलाच नाच म्हणावे, तसे ते संगीत. दिवसभर मी लोकांची तोंडे बंद व्हावीत म्हणून दात बसवत असे आणि संध्याकाळी माझे तोंड उघडत असे. वाजवता मला काहीच येत नाही. शिकावेसेही वाटले नाही. ऐकणाऱ्यांतही कोणीतरी पक्के माणूस लागते, आणि ते मी होते.

अशाच एका स्का बँडला तालमीला जागा नव्हती, तेव्हा माझ्या घराच्या तळमजल्यावरची मागची खोली मी त्यांना फुकट दिली. त्यांचा ट्रम्पेटवाला सायकलवरून पडून पुढचे दोन दात गमावून बसला. पुढचे दात नसले तर ट्रम्पेट म्हणजे नुसती फुंकणी. तो माझ्या कारखान्यात येऊन रडला होता. मी त्याला तीन वेळा दात करून दिले, कारण पहिल्या दोन वेळी वरचा सूर लागेना. तिसऱ्यांदा लागला, तेव्हा तो माझ्या पाया पडायला वाकला आणि मी म्हटले, ‘‘दात सांभाळ आधी.’’ ते दात आता त्याचेच आहेत. माझ्या वारसांपैकी कोणी त्यावर हक्क सांगू नये.

कलम तिसरे. या बँडच्या गायकाला काहीही देऊ नये. कधी ना कधी त्याच्या दाढा पडतील आणि तेव्हा मी नसेन, एवढीच माझी त्याला देणगी.

कलम चौथे, भाचीसंबंधी. हे लांबेल. वकीलबाई म्हणाल्या की कारणे द्यायची गरज नाही. गरज मला आहे.

माझी बहीण वारली तेव्हा तिची मुलगी नऊ वर्षांची होती. तिला मी घरी आणले. कानात कापसाचे बोळे घालून, खांद्यावर बसवून मी तिला बँड ऐकायला नेत असे. ठोका चुकला की ती वरून माझे केस ओढायची. तिचा गळा माझ्या बहिणीवर गेला होता.

ती एकोणीस वर्षांची असताना एक मुलगा तिला सोडून गेला. तिने अन्नपाणी टाकले, दाराला कडी घातली. तिला बोलते करावे म्हणून मी दारासमोर जमिनीवर बसले आणि जे कोणालाच, माझ्या बहिणीलाही, सांगितले नव्हते ते सांगितले. चौतीस वर्षांची असताना माझे लग्न ठरले होते, रेगे वाजवणाऱ्या एका बेस गिटारवाल्याशी. नोंदणी कचेरीत भेटायचे होते. मी सकाळपासून बाकावर बसले. दुपारी कारकून जेवून आले, जोडपी आली आणि गेली. शेवटी शिपाई किल्ल्या घेऊन समोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘बाई, कुलूप लावतो.’’ मी म्हटले, ‘‘थांबा जरा, तो येतो.’’ तो आला नाही. बँडबरोबर दुसऱ्या गावी निघून गेला होता. हे ऐकून भाचीने दार उघडले आणि माझ्या गळ्यात पडली. ‘‘मावशी, मी कोणाला सांगणार नाही,’’ ती म्हणाली. मी तिला तशी शपथ घातली नव्हती. ते ती आपणहून म्हणाली.

पुढे ती माझ्या मागच्या खोलीत तालीम करणाऱ्या बँडबरोबर गाऊ लागली. तिच्या पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी मी तिचा काळा झगा इस्त्री करून दिला. निघताना म्हणाली, ‘‘आज पुढेच उभी राहा हं मावशी. तुझ्यासाठी काहीतरी आहे.’’

मी नवे बूट घालून गेले. गायकाने माइक धरला आणि म्हणाला, ‘‘हे गाणं आपल्या पहिल्या रांगेतल्या मावशीसाठी!’’ झोत माझ्यावर पडला. पहिले कडवे म्हाताऱ्या मावशीने उडी मारली आणि कवळी ढोलात पडली, असे होते. माझे बत्तीस दात माझे स्वतःचे आहेत, पण गंमत म्हणून ठीक होते. तिथवर मीही हसले. ते कडवे माझ्याच खोलीत बसवताना मी वरून ऐकलेही होते.

दुसरे कडवे मी ऐकलेले नव्हते.

शिपाई म्हणाला, बाई, कुलूप लावतो,
मावशी म्हणाली, थांबा जरा, तो येतो!

‘तो येतो’ हे शब्द गायकाने गर्दीकडे सोडले. गर्दीने ते झेलले आणि परत फेकले. चार ओळींतच सगळ्यांना ते तोंडपाठ झाले. माझ्याभोवती रिंगण झाले. एकाने गुडघ्यावर बसून शीतपेयाच्या डब्याची कडी माझ्या बोटात घातली आणि बाकीचे किंचाळले, ‘‘तो आला!’’ मी वर भाचीकडे पाहिले. ती डोळे मिटून गात होती. सूर चांगला लागला होता. हे मी द्वेषापोटीही नाकारणार नाही.

ट्रम्पेटवाल्याने मात्र मध्येच ट्रम्पेट खाली ठेवले. आठवडाभराने तो घरी आला. ‘‘ताई, तालमीत ते कडवं कधी म्हटलंच नाही त्यांनी. मला ठाऊक नव्हतं.’’ त्याने बँड सोडला होता. म्हणून कलम दुसरे.

कार्यक्रमाहून त्या रात्री भाची घरी आली तेव्हा मी विचारले, ‘‘तू दिलंस त्याला हे?’’

‘‘अगं, प्रेमाने केलंय मावशी. लोकांना तू किती आवडलीस, बघितलंस ना?’’

‘‘मला विचारलं का नाहीस?’’

ती खरे तेच बोलली. ‘‘विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.’’

ते गाणे गाजले. रेडिओवर लागले. दुकानांत लागले. कवळीचे माप द्यायला आलेला एक म्हातारा, ज्याच्या तोंडात माझी बोटे होती, तो तशातही ते गुणगुणला. गल्लीतली पोरे मागून ओरडत, ‘‘मावशी, तो येतो!’’ भाची बँडबरोबर गावोगाव निघून गेली. मी पुन्हा कधीही बँड ऐकायला गेले नाही. गायकाने खांदे उडवून सांगितले म्हणे, मावशीला विनोद कळला नाही. विनोद मला कळला होता. तो माझ्याच घरून गेला होता.

कलम पाचवे. माझे राहते घर, वरच्या मजल्यासह, कारखान्याच्या जागेसह आणि मागच्या खोलीसह, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्यांना द्यावे.

ज्यांना हे वाचून घेरी येईल त्यांच्यासाठी खुलासा. होय, तेच. आम्ही ज्यांना शांतताराव म्हणत असू ते. भिंतीवर काठी आपटणारे, पोलीस चौकीत माझ्या नावाचे अर्ज देणारे, तालमीच्या वेळी दारात येऊन ‘‘बाई, हे संगीत आहे की पत्र्याच्या कारखान्याला आग लागलीय?’’ असे विचारणारे. आमचे वर्षानुवर्षे विळ्याभोपळ्याचे सख्य. त्यांच्या खिडकीसमोर मी मुद्दाम ढोलवाल्याला बसवले होते.

गाणे रेडिओवर लागले त्या आठवड्यात ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. मला वाटले, नवा अर्ज.

‘‘ते गाणं तुमच्यावर आहे?’’

‘‘हो.’’

‘‘खरं आहे?’’

‘‘हो.’’

त्यांनी चष्मा पुसला. ‘‘मी तुमच्याविरुद्ध पुष्कळ अर्ज केले, बाई. पण प्रत्येकावर माझी सही होती, आणि प्रत्येक आधी तुम्हाला दाखवला होता.’’ एवढे बोलून गेले. पुढे गल्लीतली पोरे ओरडली की काठी घेऊन बाहेर येत. विचारले तर म्हणत, ‘‘तुमच्यासाठी नाही. मला आवाज चालत नाही.’’

त्यांना या घराबद्दल मी अद्याप काही सांगितलेले नाही. त्यांचा लाभ आहे म्हणून त्यांना साक्षीला बोलावलेले नाही. अट एकच: मागच्या खोलीत कोणालाही, कधीही, कोणतेही वाद्य वाजवू देऊ नये. बँडने ढोल, स्पीकर आणि वायरी आठवड्यात उचलाव्यात. न उचलल्यास भंगारवाल्याला द्याव्यात. ही अट शेजारी पाळतील, याबद्दल मला जन्मात कशाबद्दलही वाटला नसेल इतका भरवसा वाटतो.

कलम सहावे. माझ्या अंत्यविधीला गाणे नको. भाषण नको. मावशी म्हणून तर कोणी काही बोलूच नये.

कलम सातवे. आता भाची.

माझ्या पोटातल्या दुखण्याचे तिला कोणाकडून तरी कळले. ती बँड मधेच सोडून आली. गायकाने तिला बजावले होते की आता गेलीस तर परत येऊ नकोस, तरी आली. तेव्हापासून ती इथेच आहे. माझे अंग पुसते, कूस बदलून देते, ओकारीचे भांडे धुते. गाणे तिने सोडले आहे. जिन्यातही गुणगुणत नाही. मला त्रास होईल म्हणून. तिचे हात खरखरीत झाले आहेत. हे सगळे ती घरासाठी करते की माझ्यासाठी, हे मी तपासलेले नाही. तपासले आणि माझ्यासाठी करते असे निघाले, तर मला हे लिहिता आले नसते.

मागच्या महिन्यात उशी सारखी करताना तिने विचारले, ‘‘मावशी, मला माफ केलंस?’’

मी म्हटले, ‘‘कधीच केलं गं.’’

ती माझ्या पायांवर डोके ठेवून खूप वेळ रडली. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. हात फिरवताना मला काय वाटत होते ते मी नीट पाहिले आहे: काही वाटत नव्हते. तिने मला न विचारता माझे खरे लोकांसमोर म्हटले. मी तिला न सांगता माझे खरे इथे म्हणते. मी तिला माफ केलेले नाही.

तिला घरातून, पैशातून, वस्तूंतून काहीही मिळू नये. हे विसरून राहिलेले नाही. जाणून केलेले आहे. घर कधी सोडायचे ते शेजाऱ्यांच्या सोयीने ठरावे. हे कलम तिला पूर्ण वाचून दाखवावे, शेजाऱ्यांसमोर आणि ट्रम्पेटवाल्यासमोर, मोठ्याने.

हा मजकूर ऐकल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘‘बाई, हे तिला कळेल तेव्हा तुम्ही नसाल. तिने भांडायचं कोणाशी?’’

मी म्हटले, ‘‘मी त्या संध्याकाळी रिंगणात कोणाशी भांडले, डॉक्टर?’’

त्यांनी सही करायचे कबूल केले आहे; पटले म्हणून नव्हे, माझे डोके ठिकाणावर आहे म्हणून.

मजकूर इथे संपला. वकीलबाईंनी तो मला वाचून दाखवला, उजव्या कानाशी. माझ्या म्हणण्यात आणि लिहिण्यात फरक नाही. आधाराशिवाय मला बसता येत नाही, म्हणून सहीसाठी भाचीला आत हाक मारली आहे.

ठिकाण: राहत्या घरी, वरच्या मजल्यावरची रस्त्याकडची खोली
दिनांक: सतरा नोव्हेंबर, सकाळ

सही: कवळ्या बनवणारी

साक्षीदारांचे म्हणणे: वरील सही बाईंनी आम्हा दोघांच्या देखत, शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने केली आणि आम्ही दोघांनी त्यांच्या देखत आपापल्या सह्या केल्या. सही करताना बाईंना त्यांच्या भाचीने पाठीमागून दोन्ही हातांनी धरून बसवले होते. कागद दिसू नये म्हणून तिने आपणहून मान खिडकीकडे वळवली होती. सही होईपर्यंत तिने ती वळवलेलीच ठेवली. मजकूर तिने वाचलेला नाही.

साक्षीदार पहिले: डॉक्टर
साक्षीदार दुसरे: कोपऱ्यावरचा चष्म्यांचा दुकानदार