आखूड रायफल, तीन दस्ते आणि पुढचा स्क्रू

मी, आर्मास एइनो तोल्वानेन, वय वर्षं एक्क्याऐंशी, धंदा सुतारकाम आणि बंदुकीचे दस्ते कोरणं, राहणार हिएताकोर्पी, कुह्मोच्या वर अडतीस किलोमीटर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावले, मी म्हटले. मग मी त्यांना म्हणायला लावले, त्या ऑगस्टपाशी अडखळल्या. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणणारी एकच व्यक्ती होती, माझी बायको आइली. ती नऊ वर्षांपूर्वी गेली.

कायद्याने माझी निम्मी मालमत्ता माझ्या दोन मुलांची, म्हणजे राइली आणि एस्को यांची, ठरलेलीच आहे. हे लिहिणं उरलेल्या निम्म्याबद्दल आहे, आणि ज्यातलं कायद्याला काही कळत नाही त्याबद्दल.

कलम १. घर, तळ्याकाठचं वाफेच्या आंघोळीचं सौनाघर आणि होडी एस्कोला द्यावी. तो शेजारीच राहतो आणि सहा हिवाळे माझ्या दारातला बर्फ न सांगता उपसतो आहे. अट एकच. सौनाची भट्टी लाकडावरचीच राहील. विजेची बसवली तर सौनाघर राइलीकडे जाईल. एस्को, हसू नकोस, तुझ्या टेबलावर मी त्या भट्टीचं पत्रक पाहिलं आहे.

कलम २. बँकेत जे असेल ते दोघांनी समान घ्यावं. फार नाही. भांडण करण्याइतकं तर नाहीच.

कलम ३. माझ्या पटाशा, रंधे आणि दस्ता पकडायचा मोठा शिकंजा कुह्मोच्या शाळेच्या सुतारकामाच्या वर्गाला द्यावा. एस्कोला यातलं काहीही देऊ नये. त्याने माझ्या बारा मिलिमीटरच्या पटाशीने रंगाचा डबा उघडला होता. त्याला सत्तावीस वर्षं झाली म्हणून काय झालं?

कलम ४. वरच्या फळीवर डब्यात, दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या उंच कड्यांची एक जोडी आहे. ती आमच्या शिकारमंडळाचा प्रमुख तौनो हुओविनेन याला द्यावी.

कारण देतो. रायफलीवर दुर्बीण बसवायची ती डोळ्यापासून चार बोटं पुढे, आणि तेही जाड कोट अंगात असताना मोजून. आमची माणसं ऑगस्टमध्ये नेमबाजीची परीक्षा देतात, अंगात सदरा असतो, तेव्हाच दस्त्याचं माप घेतात, आणि नोव्हेंबरात कापसाने भरलेला कोट चढवून रानात उभी राहतात. मग दस्ता खांद्यावर बसत नाही. मान पुढे जाते, नाही तर हात अवघडतो. मी तौनोला म्हटलं होतं, "कोट घालून ये." तो म्हणाला, "उन्हाळ्यात कोट घालून फिरायला मी काय येडा आहे?" दुर्बीण त्याने स्वतःच बसवली, दस्ता त्याने स्वतःच कापला, आणि पहिल्याच गोळीला दुर्बिणीची कड त्याच्या भुवईत घुसली. ती चंद्रकोर अजून त्याच्या कपाळावर आहे. पाहुण्यांना तो अस्वलाचं नाव सांगतो. अस्वलाने काय त्याच्या भुवईला कंपास लावला होता?

या कड्या त्याने माझ्याकडे मागितल्या होत्या आणि मी नाहीत म्हणालो होतो. होत्या.

कलम ५. आता रायफल. लोखंडी कपाटात चार आहेत. तीन एस्कोने परवाना काढून ठेवाव्यात नाही तर विकाव्यात. चौथी आखूड आहे, दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची, नळी एक्कावन्न सेंटीमीटर, दस्त्यासह माझ्या कमरेच्या जरा वर येते. ती मी राइलीसाठी तयार केली, ती तेवीस वर्षांची असताना. दाट झाडीत लांब नळी फांद्यांना अडकते आणि राइली उंचीला आईवर, म्हणजे बुटकी, गेली आहे.

या रायफलीला तीन दस्ते आहेत, तिन्ही बसतात.

पहिला कारखान्यातून आलेला, बीच लाकडाचा. भुशाच्या पोत्यात ठेवला आहे. तो कोणीही घ्यावा. दार उघडं ठेवायला चांगला आहे.

दुसरा काळा, प्लास्टिकचा, एस्कोने मला वाढदिवसाला आणलेला. पावसात फुगत नाही, थंडीत वाकत नाही, हे खरं आहे. हातात धरला की गोठवलेला मासा धरल्यासारखं वाटतं हेही खरं आहे. एस्को, मी तेव्हा "छान आहे" म्हणालो. तू मनापासून आणला होतास, म्हणून म्हणालो. तो तुला परत.

तिसरा मी कोरला, गाठाळ बर्चचा. ते लाकूड अकरा वर्षं माळ्यावर सुकत होतं. चापापासून मागे लांबी तेहेतीस सेंटीमीटर. कोपरात हात दुमडायला लावून, कोट घालून, राइलीचं माप घेतलं आहे. गालाची बाजू एक बोटभर उचललेली आहे, म्हणजे गाल टेकला की डोळा आपोआप दुर्बिणीच्या मधोमध येतो, शोधावं लागत नाही. दुर्बीण बुटक्या कड्यांवर, जितकी खाली बसेल तितकी खाली. बोल्टची मूठ उचलताना दुर्बिणीच्या शेपटाशी आगकाडी मावेल एवढी फट राहते. याहून चांगलं काम माझ्या हातून झालं नाही. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतो, कारण सांगणारं दुसरं कोणी उरलं नाही.

कलम ६. या रायफलीने एकच शिकार झाली, १९९८ च्या ऑक्टोबरात.

राइलीने परीक्षा पहिल्या फटक्यात पास केली होती. मंडळात बाई ती एकटीच. ठरलेल्या जागी ती उभी राहिली, पहिलं वर्ष म्हणून मी तिच्या मागे. कुत्र्याने मूस हाकत आणला, घोड्याएवढं हरीण, मोठा नर, शिंगाला आठ टोकं. साठ-सत्तर पावलांवर तो थांबला, आडवा. तिने गोळी घातली. मूस पळाला.

छातीत लागायची ती गोळी पोटात लागली होती. जनावर दुसऱ्या दिवशी सकाळी सापडलं, दलदलीत, मेलेलं. रात्रभर त्याने काय भोगलं असेल ते आमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. बोलला फक्त तौनो. शेकोटीवर कॉफी उकळत होती, सगळे नारिंगी टोप्या घालून उभे होते, आणि तो म्हणाला, "बाईचा हात आहे, पोरांनो. दुर्बिणीत मूस दिसतो आणि जीव कॉफीच्या किटलीत."

सगळे हसले. मीही हसलो, इथे तसं लिहून ठेवतो.

मग मंडळाच्या शेडमध्ये मांसाचे वाटे पडले. आमची रीत अशी, की एक माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, दुसरा एकेका वाट्यावर काठी ठेवतो आणि विचारतो, "कोणाचा?" पाठमोरा माणूस नाव घेतो. त्यामुळे कोणी कोणावर रुसत नाही. पाठमोरा तौनो होता. पोटाजवळच्या नासलेल्या मांसाच्या वाट्यावर काठी पडली आणि तो म्हणाला, "राइलीचा."

त्याच्यासमोर खिडकी होती. वर्षभर जाळी धरलेली त्या शेडची काच त्या दिवशी आरशासारखी पुसलेली होती. मला एवढंच म्हणायचं आहे.

राइलीने वाटा उचलला, "आभारी आहे" म्हणाली. घरी येऊन मला म्हणाली, "बाबा, माझा हात हलला असणार." सोमवारी ती ताम्पेरे शहरात गेली ती गेलीच. तिथे ती दातांच्या कवळ्या बनवते, पाव मिलिमीटरचंही काम हाताने करते. रायफलीला तिने पुन्हा हात लावला नाही. मागच्या उन्हाळ्यात तिची मुलगी वेन्ला मला म्हणाली, "आजोबा, मला शिकवा ना." राइली भांडी पुसत होती. मागे न वळता म्हणाली, "नको गं. आपल्याकडच्या बायकांचा हात बरा नाही."

तेव्हापासून मला नीट झोप नाही, म्हणून हे मृत्युपत्र.

कलम ७. तिचा हात हलला नव्हता.

दुर्बिणीची बैठक रायफलीवर चार स्क्रूंनी बसते. सगळ्यात पुढचा आखूड असतो, कारण त्याच्या भोकाखाली नळी येते. परीक्षेच्या आधी दुर्बीण बसवली त्या दिवशी मी दस्ता पॉलिश करत होतो, आखूड स्क्रू टेबलावरून खाली भुशात पडला. गुडघ्यावर बसून शोधायचा मला कंटाळा आला. डब्यातला दुसरा घेतला, अर्धा-पाऊण मिलिमीटर लांब. पिळला, कडक लागला. तो बैठकीला आवळत नव्हता, तळाला टेकून कडक लागत होता. हाताला दोन्ही सारखंच वाटतं. परीक्षेपुरती बैठक टिकली. मग दोन महिने गाडी रानातल्या रस्त्यांवर उडाली आणि बाकीचे स्क्रूही सैल झाले.

मूस सापडला त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी दुर्बीण धरून हलवली. हलली.

मी आखूड स्क्रू शोधून बसवला आणि गप्प बसलो. हिएताकोर्पीतल्या प्रत्येक रायफलीवरची दुर्बीण मी बसवलेली. माझं सगळं नाव त्यावर उभं होतं, आणि पोरगी तरुण आहे, विसरेल, असं मी स्वतःला सांगितलं. आणि पंचवीस वर्षं तौनोचा राग राग केला, कारण तो करायला सोपा होता. मला लाज वाटते. आइलीलाही मी हे सांगितलं नाही.

सबब, आखूड रायफल, बर्चचा दस्ता आणि दुर्बीण राइलीला द्यावी. माझ्या मृत्यूनंतर पहिले वाटे पडतील त्या दिवशी एस्कोने कलम ६ आणि ७ शेडमध्ये, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचावं. तौनोने ते लोकांकडे तोंड करून ऐकावं.

पुरवणी. त्याच दिवशी, त्याच टेबलावर लिहिलेली.

इथवर लिहून मी कागद सहीसाठी साक्षीदारांपुढे ठेवला. साक्षीदार दोन: शेजारच्या हेल्मी कार्यालाइनेन, निवृत्त सुईण, जिने माझी दोन्ही मुलं स्वतःच्या हातांनी जगात आणली, आणि यार्मो पुल्किनेन, फिरत्या वाचनालयाच्या बसचा चालक, जो दर गुरुवारी येतो. साक्षीदारांनी मजकूर वाचायची गरज नसते असं मी सांगितलं. हेल्मीने चष्मा काढला, पुसला आणि सगळं वाचलं.

"छान लिहिलंयस," ती म्हणाली. "मेल्यावर सांगणार तर."

"मृत्युपत्र आहे ते, हेल्मी. मेल्यावरच वाचतात."

"आणि त्या पोरीने ओरडायचं कोणावर? थडग्यावर?"

मी म्हणालो, ज्याचं त्याला माहीत. ती म्हणाली, "ज्याचं त्याला माहीत नाहीये, तेच तर लिहिलंस ना चार पानं! मी सही करत नाही जा." आणि पेन टोपण लावून पर्समध्ये टाकलं. पेन माझं होतं.

मी यार्मोकडे पाहिलं. तो बिस्किट खात होता. "काका, माझ्याकडे बघू नका," तो म्हणाला. "दोन साक्षीदार लागतात आणि ही एक गेली. माझी बस सव्वाबाराला निघते." मग हळूच म्हणाला, "फोनला रेंज आहे पण."

हेल्मीने नंबर लावला. तिला तो पाठ होता, मला नव्हता.

"बाबा?" राइली म्हणाली. "कोण गेलं?"

मी फोन करतो तो कोणी गेल्यावरच, त्यामुळे तिचं चुकलं नाही. "अजून कोणी नाही," मी म्हणालो. मग कलम ७ वाचून दाखवलं, कारण न वाचता बोलणं मला जमलं नसतं. तिच्या मागे कानस लावायचं यंत्र चालू होतं. मधेच ते बंद झालं.

"म्हणजे मी नीट धरली होती?"

"नीट धरली होतीस. श्वास सोडलास, मग चाप ओढलास. मी मागे उभा होतो, राइली. इतकी नीट मीसुद्धा कधी धरली नाही."

हेल्मी खिडकीबाहेर बघत होती.

"तुम्हाला रविवारी कळलं," राइली म्हणाली.

"हो."

"मी सोमवारी गेले. तुम्ही मला बसवर सोडायला आला होतात, बाबा. माझी बॅग तुम्ही वर चढवलीत."

"हो."

"वीस मिनिटं आपण थंडीत उभे होतो. तुम्ही मला विचारलंत, मोजे घेतलेस का?"

मी हो म्हणालो. मग ती रडली. मग ओरडायला लागली, आणि काय ओरडली ते इथे लिहीत नाही. सगळं बरोबर होतं. शेवटी म्हणाली, "हे फोनवर मावणार नाही. शनिवारी येते. घरी राहा." मी विचारलं, वेन्लाही येणार का. ती म्हणाली, "सगळे येतोय," आणि फोन ठेवला.

हेल्मीने पर्समधून पेन काढून दिलं.

सबब, कलम ७ मधली रायफल या मृत्युपत्रातून वगळण्यात येत आहे. ती शनिवारी, मी जिवंत असताना, राइलीच्या हाती जाईल. परवान्याचे कागद एस्कोने भरावेत. शेडमधलं वाचन मी स्वतः करीन. बाकी कलमं कायम. आणि राइलीचं ओरडून पुरतं संपेपर्यंत, मग त्याला कितीही दिवस, महिने वा वर्षं लागोत, मला मरायची मुभा नाही, ही अट मी समजून-उमजून, कोणाच्याही दबावाशिवाय, खालील साक्षीदारांसमक्ष मान्य करत आहे.

हिएताकोर्पी, कुह्मो
गुरुवार, १८ एप्रिल २०२४

(सही) आर्मास एइनो तोल्वानेन

आम्ही दोघं एकाच वेळी हजर होतो. आर्मास तोल्वानेन यांनी आमच्यासमोर सही केली, ते पूर्ण भानावर होते आणि डोळे पुसत होते.

(सही) हेल्मी कार्यालाइनेन, निवृत्त सुईण
(सही) यार्मो पुल्किनेन, चालक, फिरतं वाचनालय