जावयांची रिले आणि तुझं समालोचन

चि. धाकट्यास,

ताईचे पोटभर आशीर्वाद. घसा कसा आहे? परवा टीव्हीवर दोनदा खाकरलास, आणि दोन्ही वेळा इथे माझा जीव खालीवर झाला. गरम पाण्याच्या गुळण्या करतोस, की नुसतं 'हो ताई' म्हणतोस? माझे गुडघे अजून माझेच आहेत. (डॉक्टर म्हणतात गुडघे बदलू, मी म्हणते डॉक्टर बदलीन.)

आधी जावयांची बातमी. तुझ्या समालोचनाचा आमच्या कॉलनीवर भलताच परिणाम होतो. कुठल्याशा काळ्या धावपटूबद्दल तू म्हणालास, 'या लोकांच्या रक्तातच वेग असतो,' आणि दुसऱ्याच दिवशी कॉलनीच्या सेक्रेटरींनी आमच्या काळ्याभोर, उंचनिंच जावयांना कॉलन्यांच्या रिले शर्यतीत शेवटच्या टप्प्यावर नेमलं. जावई दातांचे डॉक्टर. समोरून बस सुटली तरी पावलांचा वेग वाढवत नाहीत, पुढच्या बसची वाट बघतात. 'मला पळता येत नाही' असं ते सगळ्यांना सांगत होते, तर लोकांना तो विनय वाटला. काठी हातात आली तेव्हा आपली कॉलनी पुढे होती. जावयांनी काठी देणाऱ्याचे आभार मानले आणि सकाळी फिरायला निघतात तसे निघाले. वाटेत दुसऱ्या संघातल्या एका गृहस्थांच्या पायात गोळा आला, तर थांबून त्यांची पोटरी चोळून दिली. आम्ही शेवटचे आलो. (तुझी भाची हसून हसून खुर्चीवरून घसरली.) त्यावर सेक्रेटरी मला हळूच म्हणतात, 'आज तब्येत बरी दिसत नाही त्यांची. एरवी कोणाच्या हाती लागले नसते.'

इथवर मीही हसले. पण आता त्यांच्या लेकीचं, माझ्या नातीचं ऐक. रंग आणि उंची बापाचीच घेतलीय तिने. ती फुटबॉलमध्ये मध्यफळीत खेळते, म्हणजे सगळ्यांना कुठे जायचं ते ती सांगते. घरी टेबलावर कपबश्या मांडून मला समजावते की साखरदाणी कुठे पळणार हे किटलीला आधी कळायला हवं. (आम्ही चहा गारच पितो.) उपांत्य सामन्यात सगळे गोल तिच्याच पासवर झाले, आणि तू म्हणालास, 'आपल्या मुली डोक्याने खेळतात, आणि ही हरिणी निसर्गाची देणगी घेऊन धावते.' नात्यातली म्हणून कौतुक केलं असं कोणी म्हणू नये, या धास्तीने तू तिला पार परकी करून टाकलीस रे. ते तिच्या प्रशिक्षकांनीही ऐकलं. आता तिला मधून काढून कडेला पळायला लावलंय. म्हणतात, हिला विचारात अडकवू नका, नुसती पळू द्या. तिने घरी रेकॉर्डिंग लावलं, तुझं ते वाक्य पुन्हा ऐकलं आणि मला विचारलं, 'आजी, मामाआजोबांच्या "आपल्या मुलीं"मध्ये मी आहे ना?' मी म्हटलं, 'वेडी आहेस का.' हे काही उत्तर नव्हे, ते तिलाही कळलं. तिने कपबश्या आवरल्या.

तुला आठवतं, आमच्या कॉन्व्हेंटच्या हॉकी संघाला पेपरवाल्यांनी 'नाजूक फुलबाहुल्या' म्हटलं होतं? त्याच सामन्यात मी स्वतःचा एक दात घालवला होता, आणि सिस्टर तोंडात कापूस कोंबता कोंबता 'पुढे जा, पुढे जा' ओरडत होत्या. तू एवढासा. रागाने लाल होऊन संपादकांना कार्ड लिहिलंस: 'माझी ताई नाजूक नाही. ती फार वाईट आहे.' आईने ते टाकू दिलं नाही. आयुष्यात माझ्या खेळाबद्दल इतकं खरं कोणी बोललं नाही.

बाकी सर्व क्षेम. मफलर घाल.

तुझी,
ताई

ता. क. रविवारी अंतिम सामना आहे आणि प्रशिक्षक तुझा शब्द झेलतात. सामन्याआधीच्या गप्पांत एवढंच म्हण, की आपल्या या मुलीला मधे खेळवा. नातं सांगू नकोस. हरिणीही नको. ती कुठे बघते आणि चेंडू कुठे देते, एवढं सांगितलंस तरी पुरे.

ता. ता. क. जावई तुझ्यावर मुळीच रागावलेले नाहीत. म्हणाले, समालोचकांना जन्मजातच आवाज असतो, डोकं फारसं लागत नाही. मला असा राग आला. तू न्हाणीघरात तांब्या तोंडाशी धरून तासन्‌तास सराव करायचास, ते सगळं सांगितलं त्यांना. बजावलं, 'आमच्या धाकट्याने मेहनतीने मिळवलंय ते. माणूस नीट न बघता असं सरसकट बोलू नये.' ते म्हणाले, 'हेच त्यांना कळवा.' म्हणून हे पत्र.