बाहेर ठेवलेली पुस्तकं

बन्नीमंटप, म्हैसूर
१६ जानेवारी २००७

प्रिय वनजा,

बेळगावहून परतल्यापासून तुला लिहायला घेतलेलं हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडून टाकली. फोन करता आला असता, पण फोनवर मी तुझ्या लेकीच्या लग्नाचं, जेवणाचं, तिच्या साडीचं बोलले असते आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून ठेवून दिला असता. मी स्वतःला एवढं तरी ओळखते.

इकडे सगळं ठीक. मे महिन्यात शाळेतून निवृत्त झाले, ते तुला सांगितलंच आहे. निरोपाच्या दिवशी हार घातला, शाल दिली, आणि नव्या मुख्याध्यापकांनी कानडीत भाषण केलं. म्हणाले, कुसुमबाईंसारखी सरळ बाई या शाळेने पाहिली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, लाजतेय.

तुमचं ते मागच्या बोळातलं घर पाडून आता तिथे तीन मजले झालेत. समोरच्या खोलीच्या खिडकीशी मास्तरांचं टेबल असायचं. शाळा सुटल्यावर मी तुझ्याकडे म्हणून यायचे आणि त्या टेबलाशीच बसायचे. तू चिडायचीस, "माझ्याशी खेळायला आलीस की बाबांशी?" खरं सांगू, मला तिथली भाषा आवडायची. आमच्या घरी मराठी होती, पण ती शिलाईपुरती आणि भजनापुरती. बाकी सगळं कानडीच. मी एकदा "सुम्ने बसले होते" म्हटलं, तर मास्तर म्हणाले, "सुम्ने कानडीत बसावं, मराठीत उगीच बसावं." आपण किती हसलो होतो. माझं अक्षर त्यांच्यामुळे वळणावर आलं. पुढे तेच अक्षर त्यांनी कामाला लावलं.

ते काम काय होतं, हे तेव्हा तुला नीटसं ठाऊक नव्हतं. तू कॉलेजच्या पहिल्या वर्षाला नाकावर चष्मा चढवून डॉक्टर व्हायच्या गोष्टी करायचीस. तुमच्या प्रॉटेस्टंट मंडळीच्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, जी पुस्तकं नाहीत, पण मोठ्या देवळातल्या कॅथलिक लोकांच्या शास्त्रात आहेत, ती मास्तर मराठीत आणत होते आणि मी वहीत उतरवून घेत होते. त्यासाठी पन्नाशीत ग्रीक शिकले. शिकवायला कोण, तर तिथले म्हातारे फादर. दर गुरुवारी मास्तर सायकलवरून त्यांच्याकडे जायचे, आणि तुमच्या मंडळीतले लोक ती सायकल तिरक्या नजरेने बघायचे.

मला ते समजावून सांगायचे. ही पुस्तकं यहुदी लोकांनीच लिहिली, कित्येक वर्षं वाचली, पण पुढे त्यांच्याच शास्त्र्यांनी यादीबाहेर ठेवली. ख्रिस्ती लोकांत निम्म्यांनी आत घेतली, निम्म्यांनी बाहेर काढली. मी विचारलं, "मग खरी की खोटी?" म्हणाले, "ओसरीवर बसलेला माणूस घरातला नसेल, म्हणून काय तो चोर होतो? त्याला पाणी विचारावं, त्याचं ऐकावं. फक्त घरमालक म्हणून त्याची ओळख करून देऊ नये." मी हे घरी अण्णांना सांगितलं. अण्णा तेव्हा कोटाची बाही उसवत होते. त्यांच्या भजनीमंडळात त्याच सुमारास एका अभंगावरून वाद पेटला होता. कुणीतरी पुस्तक आणून दाखवलं होतं की हा संतांचा नाही, मागून घुसडलेला आहे, गायचा नाही. अण्णा म्हणाले, "आम्ही काय ठरवलं सांगू? गायचा, पण शेवटचं नाव सोडून. खोटं नाव लावायचं नाही आणि चांगला शब्द टाकायचा नाही. तुझ्या मास्तरांचंही तेच दिसतंय."

अगदी तेच होतं, वनजा. म्हणून तर मास्तरांनी वहीच्या सुरुवातीला चार पानांची प्रस्तावना लिहिली. ही पुस्तकं शास्त्र म्हणून मी देत नाही, यांच्यावरून कुणी धर्माचा नियम सिद्ध करू नये, माणसाने कसं वागावं हे शिकण्यासाठी वाचावीत, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी ती चारही पानं शाईने उतरवली. कच्चे कागद नेहमीप्रमाणे आमच्या बंबात गेले. मग पुढच्या गोष्टी. परक्या गावात मेलेल्यांना लपूनछपून मूठमाती देणाऱ्या आणि पुढे आंधळ्या झालेल्या म्हाताऱ्याची लिहिताना मी रडले होते. आणि ती दुसरी. बागेतल्या बाईवर दोन प्रतिष्ठित पंच खोटा आळ घेतात, सगळा गाव मान डोलावतो, आणि एक तरुण पोरगा गर्दीतून उठून म्हणतो, थांबा, मला विचारू द्या. ती लिहून झाली तेव्हा मास्तरांनी विचारलं, "तू त्या गर्दीत असतीस तर?" मी ताबडतोब म्हणाले, "बोलले असते." वीस वर्षांची होते. बोलणं फार सोपं वाटायचं.

त्याच दिवसांत मला तुमच्या मंडळीच्या शाळेत, मास्तर शिकवायचे तिथेच, तात्पुरती नोकरी लागली होती. कारभारी शमुवेलराव. मंडळीचे चिटणीसही तेच. अण्णांचे डोळे अधू झाले होते, सुईत दोरा जाईना, त्यामुळे घर माझ्याकडे बघत होतं. एके दिवशी मधल्या सुट्टीत शमुवेलरावांनी मला बोलावलं. गोड बोलले. "मास्तरांचं काम फार मोठं आहे म्हणतात. वही तुझ्याकडेच असते ना? दोन दिवस वाचून देतो." मास्तरांना विचारायला हवं होतं. नाही विचारलं. साहेब माझ्याशी स्वतःहून बोलले, याचंच मला अप्रूप.

वही तिसऱ्या दिवशी परत आली. हातात घेताच कळलं, मी शिंप्याची मुलगी. मधला दोरा उसवून पुन्हा ओवला होता, गाठ वेगळी होती. उघडली तर सुरुवातीची चार पानं नव्हती. तेव्हाच धावत मास्तरांकडे गेले असते तर ते फार तर दोन दिवस अबोला धरून बसले असते. पण वही न विचारता दिली हे सांगावं लागणार, म्हणून मी ती तशीच दप्तरात ठेवली. उद्या सांगू, परवा सांगू.

आणि रविवार आला. उपासना संपल्यावर मागच्या खोलीत तीन पंच, मास्तर, आणि साक्षीला म्हणून मला बोलावलं. म्हणाले, मुलगी हिंदू आहे, तिला कुणाची बाजू नाही. शमुवेलराव म्हणाले, "तुम्ही बाहेरची पुस्तकं शास्त्र म्हणून मंडळीच्या गळ्यात मारताय." मास्तर शांतपणे म्हणाले, "प्रस्तावना वाचा. सगळं लिहिलं आहे." वही उघडली गेली. पहिल्याच पानावर आंधळ्या म्हाताऱ्याची गोष्ट. मास्तरांनी पान मागे उलटलं, पुढे उलटलं, मग माझ्याकडे बघितलं. शमुवेलरावांनी विचारलं, "काय गं, तूच लिहितेस ना? अशी काही प्रस्तावना होती का?"

मी म्हणाले, "मला आठवत नाही."

वनजा, एवढंच. माझी पानं, माझी शाई, आणि मला आठवत नाही. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं, सगळं कळलं. एक शब्द बोलले असते, हिच्या हाताची शाई बघा, एवढं म्हणाले असते, तर मी तिथेच कोसळले असते. ते म्हणाले, "मुलीला त्रास देऊ नका. तिला जाऊ द्या." मी बाहेर पडले. चप्पल घालायलासुद्धा थांबले नाही.

पुढचं तू भोगलंस. मास्तरांचा देवळातला उपदेश बंद झाला, शाळेतली नोकरी गेली, महिन्याभरात तुम्ही हुणसूरला गेलात. तिथे तंबाखूच्या वखारीत ते चिठ्ठ्या लिहू लागले. तुझ्या आई गिरिजाबाई आजारी पडल्या, तुझं मेडिकल राहिलं, आणि एकोणिसाव्या वर्षी तू लग्न करून सोलापूरला गेलीस. जूनमध्ये मी शाळेत कायम झाले. एकदा बसने हुणसूरला जाऊन आले, सगळं सांगायचंच असं ठरवून. मास्तरांनी मला खुर्ची दिली, स्वतः खाटेवर बसले. हाताला तंबाखूचा वास होता. अण्णांचे डोळे कसे आहेत विचारलं. "मराठी लिहितेस ना अजून?" म्हणाले. मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला, "राहू दे." मला वाटलं, सुटले. तशी काही सुटले नाही. पुढच्या वर्षी ते गेल्याचं तुझं पत्र आलं.

आता मी आज का लिहितेय, ते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मांडवात मुलं खुर्च्या उचलत होती आणि आपण दोघी मागे चहा घेत होतो. तू सहज म्हणालीस, "बाबांना माझी पर्वा असती तर सुरुवातीला चार ओळी खुलासा लिहिला असता. मी विचारलं तेव्हा म्हणाले, राहून गेलं. त्यांच्या त्या राहून गेलं मध्ये माझं आयुष्य गेलं. मी त्यांना माफ नाही केलं ग." आणि मी तुझ्यासमोर बशीत चहा ओतून पीत राहिले. म्हणजे त्यांनी घरीही सांगितलं नव्हतं. तू मला सोडू नयेस म्हणून, की माझी नोकरी राहावी म्हणून, मला ठाऊक नाही. शनिवारी मी मंडळीच्या आताच्या चिटणीसांना सगळं लिहून सही करून दिलं. तरुण आहेत बिचारे. म्हणाले, "अम्मा, ही पुस्तकं आता कुठल्याही दुकानात मिळतात, एवढं काय त्यात?" त्यांना काय सांगणार. तुला सांगते. तुझ्या बाबांनी खुलासा लिहिला होता. चार ओळी नाही, चार पानं. त्यांच्यावर धरलेला राग सोड, वनजा. तो माझा आहे.

तुझीच म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझीच,
कुसुम