कार्यक्रम कुणी बिघडवला

४ फेब्रुवारी

बँडच्या चौघांना एका खोलीत बसवायचं नाही — हे लेखी आहे! करारातलं अकरावं कलम. तालमी वेगवेगळ्या, गाड्या वेगवेगळ्या, चहासुद्धा वेगवेगळा. अठरा वर्षांनी एकत्र येणार, पण ते थेट स्टेजवर. तोपर्यंत एकमेकांना काही कळवायचं असेल तर आमच्या कंपनीमार्फत. आणि कंपनीमार्फत म्हणजे माझ्यामार्फत.

साहेब म्हणाले, "तुम्ही नवीन आहात. अजून तुमचं कुणाशी वाकडं नाही. निरोप तुम्हीच पोचवा."

नोकरीला लागून सात महिने झाले. आतापर्यंत खुर्च्यांच्या रांगांना नंबर चिकटवत होते. पहिल्यांदाच माणसांचं काम मिळालंय. मनाशी एक ठरवलंय — कुणी विश्वासाने काही सांगितलं तर ते माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही. या चौघांचं वाटोळं कुणाच्या तरी सैल जिभेमुळे झालं. ते पुन्हा व्हायचं नाही.

५ फेब्रुवारी

आईने विचारलं, अठरा वर्षं भांडण कशावरून?

गिटारवाला एका पत्रकाराला म्हणाला होता, "आमच्या गायकाला वरचा सूर हल्ली लागत नाही." दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. संध्याकाळपर्यंत बँड मोडला होता.

आई शिवणयंत्र थांबवून म्हणाली, "एवढंच? मग तुझा मामा आणि मी कधीच वेगळं व्हायला हवं होतं."

१० फेब्रुवारी

गिटारवाल्याकडे गेले. तो आता दातांचा डॉक्टर आहे. दवाखान्यामागच्या खोलीत सराव करतो. खुर्चीत एक माणूस तोंड उघडं टाकून बसला होता, त्याला "दोन मिनिटं हं" म्हणून डॉक्टर मला आत घेऊन गेला.

म्हणाला, "हे तुमच्या-माझ्यात. मी गिटार अर्धा स्वर खाली लावलीय. सगळी गाणी अर्धा स्वर खाली वाजवणार. त्याचं वय झालंय, गळा तेवढा चढणार नाही. पट्टी जरा उतरली की त्याला सोपं जाईल, तो आपोआप माझ्यामागे येईल. पण त्याला सांगायचं नाही! पुन्हा तेच ऐकवलं तर तो स्टेजवरसुद्धा यायचा नाही."

मी शब्द दिला. ज्या माणसाने वरच्या सुरावरून मैत्री तोडली, तोच आज तो सूर खाली आणून देतोय. मला भरून आलं. बाहेर खुर्चीतला माणूस तसाच तोंड उघडं टाकून बसला होता.

१४ फेब्रुवारी

कीबोर्डवाला शाळेत गणित शिकवतो. त्याचं घर म्हणजे वह्यांचे गठ्ठे आणि मध्ये कीबोर्ड.

त्याने मला एक बटण दाखवलं. ते दाबलं की बोटं नेहमीच्याच जागी पडतात, पण सूर खालचे निघतात. "पूर्ण एक स्वर उतरवलाय. बिचाऱ्याचा गळा आता कुठला साथ देतोय! पण कुणाला सांगू नका, त्याला अपमान वाटेल."

त्यालाही शब्द दिला. म्हणजे दोघांनी, एकमेकांना न विचारता, एकाच माणसासाठी तीच गोष्ट केली! एकाने अर्धा स्वर, एकाने एक. मनात आलं, खरी मैत्री असते ती अशी.

१८ फेब्रुवारी

आणि गायक! गेले तीन महिने तो रोज सकाळी एका बाईंकडे गळा तयार करायला जातोय. गार पाणी बंद, बोलणं अर्ध्यावर, गळ्याला मफलर. मला गाऊन दाखवलं. शेजारच्या अंगणात झोपलेला कुत्रा उठून उभा राहिला.

"मूळ पट्टी," तो म्हणाला. "अठरा वर्षांपूर्वी होती तीच. एक केसभरही खाली नाही. त्यांना आधी कळू देऊ नकोस हं पोरी. स्टेजवरच कळू दे."

डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. तिघांची तीन गुपितं आता माझ्यापाशी आहेत. एवढी जबाबदारी माझ्यावर आजवर कुणी टाकली नव्हती.

१९ फेब्रुवारी

ड्रमवाल्यालाही भेटले. त्याचं काही गुपित नाही. "मी वाजवतो आणि घरी जातो."

२६ फेब्रुवारी

सभागृहात आवाजाची चाचणी. तीही प्रत्येकाची वेगवेगळ्या वेळी.

आवाजाचं काम मामाकडे आहे. या सभागृहात तो एकतीस वर्षं ते बटणांचं लांबलचक टेबल सांभाळतोय. वादकांच्या कानात इअरफोनची बोंडं असतात, त्यातून कुणाला काय ऐकू जावं हेही मामाच ठरवतो. तिघांनीही एकच मागणी केली — कानात फक्त ज्याचा त्याचा आवाज आणि ड्रम. बाकीचे नकोत. ड्रमवाल्याला तर फक्त ड्रम.

मामा म्हणाला, "एकमेकांना ऐकायचंच नाही, तर एकत्र वाजवायचं कशाला?"

मी म्हटलं, "मामा, करारात आहे."

"करारात आहे होय! मग गाणं चांगलंच होणार."

१ मार्च

आज कार्यक्रम. सगळं जुळून आलंय!

२ मार्च

पहिलं गाणं सुरू झालं. लोक उभे राहिले. अर्ध्या मिनिटात बसले.

काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, मला गाण्यातलं कळत नाही. कपाट ओढत नेताना फरशीवर जसा आवाज होतो, तसं काहीतरी. गायक डोळे मिटून जीव ओतून गात होता. डॉक्टर डोळे मिटून वाजवत होता. गणिताचे सर हसत होते. कानात बोंडं! चौघंही खूश दिसत होते. दुसऱ्या गाण्यापासून कीबोर्ड जवळजवळ ऐकू येईनासा झाला. पाचव्या गाण्याला बाहेर जायच्या दारात रांग होती. माझ्यापुढची बाई नवऱ्याला म्हणाली, "मी सांगत होते, यांना तरुणपणीच लक्षात ठेवू या."

कार्यक्रम संपल्यावर चौघं चार दारांनी गेले.

४ मार्च

तक्रारींची तीनशे बारा पत्रं. साहेबांनी सगळी माझ्या टेबलावर आणून ठेवली. "तुम्ही शिकलेल्या आहात. जबाबदार कोण त्याचा अहवाल लिहा. एक नाव हवंय. दोन नावं दिलीत तर त्याची समिती होते."

सभागृहाचे चिटणीस म्हणाले, ते नाव आमच्या आवाजवाल्याचं निघालं तर त्याला घरी बसवू. त्यांनी तोवर मामाला टेबलाला हात लावायला मनाई केलीय.

मामाला घर नकोसं होतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तो तारा पुसायला सभागृहात जातो.

साहेबांना सांगितलं की तो माझा मामा आहे. ते म्हणाले, "मग जास्तच प्रामाणिकपणे लिहा."

लिहीन.

६ मार्च

सगळ्यांचे जबाब घेतले. प्रत्येकाने आपापला जबाब वाचून सही करायची, अशी मी पद्धत ठेवली आहे.

गायक : "गिटार सुरात लावलेली नव्हती. पण हे लिहू नका."

डॉक्टर : "त्याचा सूर लागला नाही. जे व्हायचं तेच झालं. पण हे लिहू नका, तुमच्या पाया पडतो."

गणिताचे सर : "माझं वाद्य लोकांना ऐकूच आलं नाही. हे मात्र लिहा. अधोरेखित करा."

ड्रमवाला : "मी वाजवलं आणि घरी गेलो."

७ मार्च

मामाचा जबाब. त्याच्याच घरी, बाहेरच्या खोलीत. मामी आत भांडी जरा जास्तच आवाज करत घासत होती.

विचारलं, "कीबोर्ड ऐकू का आला नाही?"

मामाने स्वतःच्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाला, "हात चुकला."

"दुसऱ्या गाण्यापासून शेवटपर्यंत?"

"एकदा चुकला की चुकतो."

एकतीस वर्षांत मामाने कधी सबब सांगितलेली नाही, आणि ही तर धड सबबही नव्हती. मला त्याची लाज वाटली. हे इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही. मी कागद पुढे केला. "कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा" असं लिहिलं होतं. त्याने चष्मा लावून पूर्ण वाचलं. सही केली. विचारलं, "जेवून जातेस?"

गेले नाही. जबाब घेणाऱ्याने जेवू नये.

९ मार्च

अहवालाचा मसुदा साहेबांना दिला. नाव एकच.

आई दिवसभर शिवणयंत्रावरून उठली नाही. संध्याकाळी म्हणाली, "तुझ्या परीक्षांच्या वेळी आपले दिवे सारखे जायचे. बॅटरीवरच्या दिव्याची ही तार तुझ्या खोलीपर्यंत कुणी ओढली?"

म्हटलं, "मामाने. पण आई, त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. तू शिकलेली आहेस, तुला दिसणार नाही."

११ मार्च

तीनशे बारा पत्रांपैकी नऊ वाचायची राहिली होती. मसुदा दिल्यावर ती वाचण्यात अर्थ नव्हता, पण न वाचता फाइल बंद करणं बरोबर वाटेना.

सातवं पत्र एका म्हाताऱ्या बाईंचं. त्यांनी आयुष्यभर पियानो सुरात लावायचं काम केलंय. अक्षर रेखीव.

"गायक मूळ पट्टीत गात होता, आणि उत्तम गात होता. गिटार त्याच्यापेक्षा अर्धा स्वर खाली होती. कीबोर्ड पूर्ण स्वर खाली. प्रत्येक जण आपापल्या जागी अगदी सुरात. एकत्र मात्र असह्य! गाण्याची पट्टी काय ठेवायची हे आधी आपसात ठरवतात. लहान मुलंही ठरवतात. या चौघांत ते ठरवून देणारं कुणी नव्हतं का?"

दोनदा वाचलं. मग ही वही उघडली आणि १०, १४ आणि १८ फेब्रुवारीची पानं वाचली. सगळं होतं. अर्धा स्वर, एक स्वर, मूळ पट्टी. माझ्याच अक्षरात, आणि खाली "खरी मैत्री असते ती अशी."

जगात एकाच माणसाला तिन्ही गोष्टी माहीत होत्या. एक वाक्य पुरलं असतं.

१२ मार्च

साहेबांकडे मसुदा परत मागितला.

"मामाला वाचवताय?"

म्हटलं, "मामाचा हात चुकला असेल. पण तो नंतर चुकला. आधी मी चुकले."

नवा अहवाल दिला. नाव एकच — माझं. पुरावा म्हणून वहीतल्या तीन पानांची नक्कल. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"अहो, स्वतःचं नाव कोण देतं?"

"तुम्ही एकच मागितलं होतंत."

"दुसऱ्याचं!"

ज्यांची गुपितं फोडली त्या तिघांना मी आधी फोन केला. सांगितलं की मी दिलेला शब्द मोडतेय. तीन वेळा फोन ठेवल्याचा आवाज ऐकला.

१५ मार्च

चौघंही कार्यालयात आले. एकाच वेळी, एकाच खोलीत! कलम कुणाच्या लक्षातही नव्हतं. टेबलावर अहवालाच्या चार प्रती. मी भिंतीला टेकून उभी.

सगळ्यात आधी गायकाचं वाचून झालं. तो डॉक्टरकडे बघत म्हणाला, "माझ्यासाठी खाली आलास?"

"तू वर गेलास?" डॉक्टर म्हणाला. "तीन महिने?"

"गार पाणी नाही प्यायलो."

"गाढवा."

"तू गाढव. आधी पेपरात बोंब मारतोस, नंतर गुपचूप गिटार उतरवतोस. उलटं करायचं असतं!"

गणिताचे सर म्हणाले, "म्हणजे माझं वाद्य ऐकू आलं नाही हे बरंच झालं म्हणायचं." त्यावर ड्रमवाला हसायला लागला. मग चौघंही. टेबलावर हात आपटून, डोळे पुसत. इतक्या वर्षांचं हसू असावं. मीसुद्धा हसले.

मग चौघं एकदम थांबले आणि माझ्याकडे वळले.

डॉक्टर म्हणाला, "हिला सगळं माहीत होतं."

"सगळं!" सर म्हणाले.

"माझ्यासमोर रडलीसुद्धा होती," गायक म्हणाला.

त्या चौघांचं अठरा वर्षांत पहिल्यांदाच एकमत झालं.

१८ मार्च

पुढच्या महिन्यात पुन्हा कार्यक्रम. जुनी तिकिटं चालणार. चौघं रोज एकत्र तालीम करताहेत, पट्टी ठरली आहे. आवाजाला मामाच हवा, असं त्यांनी चिटणिसांना कळवलं. मामा आज टेबलावर परत गेला.

नव्या करारात त्यांची एकच अट आहे. तालमीच्या वा कार्यक्रमाच्या जागी मी असता कामा नये. साहेबांनी मला ते कलम वाचून दाखवलं आणि म्हणाले, "एका माणसासाठी अख्खं कलम! मी माझ्या आयुष्यात पाहिलं नाही." मग राजीनाम्याचा नमुना पुढे केला. त्यात तारीख आधीच घातलेली होती.

अन्याय वाटत नाही. वाटायला हवा होता का, याचा विचार करतेय.

२२ मार्च

मामाकडे जेवायला गेले. नोकरी गेल्याचं सांगितलं.

मामी मामाकडे वळली. "ऐकलंत? म्हणजे तुमचा हात उगाच चुकला."

मामा ताटाकडे बघत म्हणाला, "पहिल्याच कडव्यात कळलं होतं, तिघं तीन पट्ट्यांत आहेत. म्हणून कीबोर्ड दाबला. जेवढं वाचेल तेवढं. चाचणीच्या दिवशी गिटारवाला आणि कीबोर्डवाला, दोघंही मला सांगून गेले होते — पट्टी उतरवलीय, तुमच्या भाचीला माहीत आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुझी पहिली नोकरी," मामा म्हणाला, आणि मीठ मागितलं.