वावरातला पंचम

नागपूर, रविवार

करुणा,
तुले अन् आईबाबाले ताईचा जयभीम. माझा खोकला गेला. मेसचं जेवण बरं आहे, आईले सांगजो. बाबाचा गुडघा कसा आहे?

गाण्याच्या क्लासात रोज सकाळी ओठ फडफडवत आवाज खालून वर नेतो, मंग पोटात श्वास धरून 'आ' लावतो. वरच्या पंचमापाशी माझा गळा आवळते अन् आवाज फाटते. आठ महिने झाले.

मांगच्या रविवारी तुझा फोन आलता, तवा क्लास नुकताच सुटलता. मी स्पीकर लावला. तू वावरातून हाक मारली, "आईऽऽ, ताई बोलून राह्यली!" आमच्या बाई पेटी झाकता झाकता थांबल्या.
"कोण गं ही? किती मोकळा स्वर लागला!"
त्यायनं पेटीवर सूर शोधला. पंचमच होता.

मी म्हटलं, "शेजारची पोरगी आहे."

खोटं बोलली मी. तुले कोणी शिकवलं नाही, तू कापूस वेचता वेचता वरडली अन् तिथं पोचली. मले तुझाच राग आला. तीन दिवस तुझा फोन उचलला नाही तो म्हणूनच. मी बिमार नव्हती, खोकल्याचा नुसता बहाणा होता.

काल बाईले खरं सांगतलं. त्या म्हणाल्या, "वेचणी संपली की तिला घेऊन ये."

तू ये. माझ्याच खोलीत राह्य. फक्त पहिले काही दिवस मी तुझ्यासंग धड बोलली नाही, तर आईले सांगू नको.

तुझीच,
अस्मिता ताई