अवे म्हणजे वाटेवर

फ्लॅट बुश, ऑकलंड

ती. आईस,
सुगतचा सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे मजेत आहोत. कंपनीत माणसं कमी केली, पण माझं काम टिकलंय, त्याची काळजी करू नकोस. फक्त मे महिन्यात रजा मिळणार नाही. बुद्धजयंतीला यंदाही तुला एकटीलाच विहारात जावं लागेल. डोळ्यांत थेंब घालतेस ना?

आमच्या पेनरोजच्या ऑफिसात एक फळा आहे. कुणी आलं नाही की त्याच्या नावापुढे 'अवे' लिहितात. अवे म्हणजे इथे नाही, लांब. आपली आरुषी शाळेत शिकून आली, की हा फार जुना शब्द आहे आणि मुळात त्याचा अर्थ होता 'वाटेवर'. माणूस वाटेला लागला की घरातून दिसेनासा होतो. पुढे लोक वाट विसरले आणि शब्दात लांब असणं तेवढं उरलं.

सकाळी मोटरवेवर धुकं असतं. पुढच्या गाड्यांचे लाल दिवे त्यात विरघळत जातात. आज मला वाटलं, मी ऑफिसला नाही, तुझ्याकडेच निघालोय, आणि पुढच्या वळणावर आपल्या दारातली चिंच दिसेल.

ताई फोनवर सांगत होती, सुगत कुठाय असं कुणी विचारलं की तू इतक्या वर्षांनीही 'बाहेर गेलाय, येईल' म्हणतेस. शेजारी हसतात म्हणे. हसू देत. तू बरोबरच सांगतेस, मी वाटेवरच आहे.

भाकरी मात्र एवढ्यात टाकू नकोस.

तुझा,
सुगत